गार्गीच्या छत्रीला लागलेली नजर

रविवारी सकाळी चारकोपच्या त्या चार मजली सोसायटीतली सगळी बिल्डिंग गार्गीच्या हॉलमध्ये कोंबली होती. तरंगनाथ महाराज आले होते. हे महाराज नोकरी लावून देत नसत की लग्नं जमवत नसत. टीव्हीच्या डिशला, म्हणजे गच्चीवरच्या छत्रीला, सिग्नल मिळवून देणं हेच त्यांचं अवतारकार्य होतं. हसू नका. शेजारच्या दोन बिल्डिंगींत त्यांनी हा चमत्कार करून दाखवला होता आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं त्यांच्या पाया पडली होती.

कोपऱ्यात उभ्या मृणालिनीचा मात्र नुसता जळफळाट होत होता. ही गार्गी तिची समोरच्या दारातली शेजारीण. भलामोठा टीव्ही घेतला तो हिने, आणि आता महाराजही पहिले हिच्याच घरी! आठवड्यापूर्वी गार्गीच्या टीव्हीवर चित्राचे चौकोन व्हायला लागले, तेव्हा मृणालिनी तोंडाने "अरेरे" म्हणाली होती आणि घरी येऊन तिने खुशीत आल्याचा चहा टाकला होता.

पडद्यावर सिग्नलचा आकडा दिसत होता. अडतीस. मृणालिनीच्या घरी सत्तर यायचे.

महाराजांनी सेट-टॉप बॉक्सवर तळहात ठेवला. "आकाशातून लहरी येतात. मत्सरी नजर त्यांना वाटेतच गिळते. या घरावर कोणीतरी जळतंय."

मृणालिनीने चटकन नजर जमिनीकडे वळवली.

"सगळ्यात वरचा मजला," महाराज म्हणाले. "एकटी बाई. रोज गच्चीवर जाते."

साऱ्या माना दाराशी उभ्या असलेल्या लताकडे वळल्या. लता चौथ्या मजल्यावर भाड्याने राहायची, मरोळच्या कारखान्यात कामाला जायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"तरीच!" सेक्रेटरी शिवदास म्हणाले. "हिचं ॲग्रीमेंट या महिन्यात संपतंय. आता सोसायटीची एनओसी मिळणार नाही."

"अहो काका, मी काय केलं? जाऊ कुठे मी?"

शिवदासांनी तोंड फिरवलं. लता डोळे पुसत वर निघून गेली. खरी जळणारी कोण, हे मृणालिनीला पक्कं ठाऊक होतं, पण ती गप्प राहिली.

"आता डोळे मिटा," महाराज म्हणाले. "माझं नाव एकशे आठ वेळा घ्या. माझा शिष्य गच्ची शुद्ध करतोय, तिकडे कोणी फिरकायचं नाही. जो डोळे उघडेल, त्याची छत्री कायमची बंद!"

सगळ्यांनी डोळे मिटले. मृणालिनीला राहवेना. गार्गीचा आकडा आपल्या सत्तरच्या पुढे गेला तर? तिने हळूच एक डोळा उघडला.

"ऊर्ध्वम्, ऊर्ध्वम्," महाराज गुणगुणत होते. पंचेचाळीस. "वामे, वामे..." साठ. "अतिवामे!" त्रेपन्न. "किंचित् दक्षिणे..." अडुसष्ट.

दहावीला मृणालिनीने शंभर मार्कांचं संस्कृत घेतलं होतं. वर घे, डावीकडे, फार डावीकडे गेलं, जरा उजवीकडे. हा कसला मंत्र? आणि महाराजांच्या उपरण्याखाली मोबाइलचा उजेड कसला?

ऐंशी! आता मात्र तिला उभं राहवेना. ती सटकली आणि धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोचली. लता उंबऱ्यावर बसली होती.

"लता, चल गच्चीवर."

"आणखी नाव घालवू का माझं?"

"चल म्हणते ना!"

गच्चीवर महाराजांचा शिष्य कानाला फोन लावून, हातात पाना घेऊन गार्गीच्या छत्रीचा नट आवळत होता. दोघींना बघून त्याच्या हातून पाना पडला. लताने वाकून नीट पाहिलं.

"ताई, छत्रीचं तोंड बरोबर उपग्रहाकडे असावं लागतं. बोटभर जरी फिरली तरी आकडा पडतो. याने ती परत फिरवून बसवली, बस्स. पण मुळात फिरली कशाने?"

छत्रीच्या खांबाला कपड्यांची दोरी बांधलेली होती. दोरीवर दोन सोलापुरी चादरी निथळत होत्या. चादरी मृणालिनीच्या होत्या. आपल्या छत्रीला ओढ नको, म्हणून गेल्या आठवड्यात तिनेच दोरी गार्गीच्या खांबाला बांधली होती. तिचा चेहरा खर्रकन उतरला. शिष्याचा फोन आणि पाना लताच्या हातात देऊन, तिच्या कानात दोन शब्द सांगून ती खाली आली.

आकडा ब्याण्णव झाला होता आणि गार्गी महाराजांच्या पायांवर होती.

"महाराज, पुन्हा एकदा ऊर्ध्वम् म्हणा ना," मृणालिनी म्हणाली.

"ऊर्ध्वम्, माते," महाराज हसले.

आकडा धाडकन एकोणीसवर आला. मृणालिनीने उपरणं ओढलं. चालू फोन सतरंजीवर पडला. तिने स्पीकर लावला.

"ताई, अजून खाली फिरवू?" लताचा आवाज हॉलभर घुमला. महाराज दाराकडे सरकू लागले.

"ते ठीक आहे," शिवदास पुटपुटले, "पण नजर लागली असेलच ना कुणाची?"

"लागली होती काका. माझी," मृणालिनी म्हणाली. "हिचा टीव्ही आला तेव्हापासून जळतेय मी. नजरेने लोखंड हललं असतं, तर हिची छत्री केव्हाच खाडीत जाऊन पडली असती. ती हलली माझ्या ओल्या चादरींनी. आणि तुम्ही घर कुणाचं काढून घेत होतात? त्या पोरीचं! आपल्यातला एक जण जरी जिना चढून डोळ्यांनी बघून आला असता ना, तर ही वेळ आली नसती. कोणी डोळे मिटायला सांगितलं, की आधी ते उघडे ठेवा. एवढं जमेल की नाही आपल्याला?"

गार्गीने कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "जळायचं तर जळ गं. पण चादरी काढ आधी."

शिवदास तडक आपल्या घरी गेले. कपाटातून एनओसीचा कागद आणला, हॉलमध्येच सगळ्यांसमोर सही केली आणि लताची माफी मागायला स्वतः जिना चढू लागले.