चौथी खुर्ची

मी बसवलेली फरशी आजवर हललेली नाही. ही फुशारकी आहे, मान्य. पण पुढे जे रामायण झालं त्याचं मूळ तिथंच आहे, म्हणून आधी सांगून टाकतो. वीस वर्षं टाइल्स बसवतोय. खालचा सिमेंटचा माल पातळ झाला की टाइल खचते, हे माझ्या उस्तादाने मला कानाखाली देऊन शिकवलं, त्यामुळे विसरायची सोयच नाही.

गुरुवारी संध्याकाळी बायको हॉस्पिटलमधून आली आणि चपला न काढता दारातच म्हणाली, "मला वॉर्डची इनचार्ज करतायत." नर्सच्या नोकरीत नऊ वर्षं ती याच जागेची वाट बघत होती. मी आनंदाने ओरडलोच. आमच्या दहा वर्षांच्या मुलीने, जिला सगळे खारूताई म्हणतात कारण डब्यातले अक्रोड नेहमी तिच्याच गालात सापडतात, धावत जाऊन तिला मिठी मारली.

"पण मी नाही म्हणणार आहे," बायको म्हणाली. "नऊच्या जागी आठला हजर व्हावं लागेल. मग सकाळचं कोण बघणार?"

सकाळचं म्हणजे आमचे लाड. माझ्या आईची कवळी ढिली, तिला मऊ लागतं. खारूताईला गोड. मला गरमागरम अंडं, तेही कडा कुरकुरीत. खाणारी तीन, तऱ्हा तीन, करणारी एक. त्यात आईने भर घातली, "घरची बाई उजाडताच बाहेर पडली की घराची खानावळ होते."

"सकाळचं मी बघतो," मी म्हणालो. आई हसली. खारूताई तर पोट धरून हसली. बायको हसली नाही. तिने फक्त विचारलं, "अहो, आपल्याकडे मीठ कुठं असतं, माहीत आहे?"

नव्हतं माहीत. पण तेवढ्यात माझं लक्ष टेबलाकडे गेलं. खुर्च्या चार, आणि चौथीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. तो तिथे कधीपासून आहे, आठवेना. मग ही सकाळी बसते कुठं? बसतच नाही. आमची ताटं पुढे सरकवत ओट्यापाशी उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकते. फरशीत केसभर उंचसखल झालं तर मला दुरून दिसतं, आणि हे लग्नाच्या बारा वर्षांत दिसलं नाही. लाज वाटली. स्वतःचा रागही आला.

"सोमवारी साडेसातला मोठ्या सिस्टरांचा फोन येईल," ती म्हणाली. "तेव्हा सांगेन त्यांना."

"तोवर काही बोलू नकोस," मी म्हणालो.

तेव्हा माझं काम एका बाईच्या स्वयंपाकघरात चालू होतं. तीन मुलांची आई, पण सकाळी एकदम शांत. तिला गुपित विचारलं. तिने चिठ्ठीवर लिहून दिलं: ओट्स, दूध, अंडी, कुस्करलेली केळी, थोडा गूळ, चिमटीभर मीठ, दालचिनी, बेकिंग पावडर. सगळं एका ट्रेमध्ये कालवायचं, ओव्हनमध्ये सरकवायचं आणि चाळीस मिनिटं आपापली कामं करायची. "हलवायचं नाही, परतायचं नाही, समोर उभं राहायचं नाही," ती म्हणाली. ते शेवटचं मला फार आवडलं.

शनिवारी रंगीत तालीम केली. ट्रेमध्ये दूध ओतलं. इतका पातळ माल! ओट्स नुसते पोहत होते. चिठ्ठी लिहिताना बाई चुकली असणार, असं ठरवून मी ओट्स वाढवले. तरी पातळच. आणखी वाढवले. शेवटी चमचा उभा राहील असा घट्ट माल झाला, तेव्हा जीव शांत झाला. पृष्ठभाग गवंड्याच्या थापीसारखं उलथनं फिरवून गुळगुळीत केला, कोपरे काटकोनात आणले.

ओव्हनमधून निघाली ती टाइल. सवयीने मी बोटाने टकटक करून पाहिलं. कुठंही पोकळ आवाज नाही. पहिल्याच घासाला खडा लागतो म्हणतात, इथं घासच खडा होता. आईची कवळी त्यात रुतली आणि तिथंच राहिली.

"बाबा, हे बाथरूममध्ये बसवू या," खारूताई म्हणाली.

बायकोने तवा तापवला आणि माझं अंडं करायला घेतलं. उभ्यानेच. तिने आतल्या आत निर्णय पक्का केलाय, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. ती दुसऱ्या खोलीत गेल्यावर आई कवळी धुता धुता म्हणाली, "मीही चाळीस वर्षं उभ्यानेच खाल्लं रे. कुणी विचारलं नाही." खानावळीचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

सोमवारी सव्वासहाला मी बायकोला सांगितलं, "ओट्याकडे फिरकायचं नाही." दूध ओतलं. पुन्हा तोच समुद्र. हात आपोआप ओट्सच्या डब्याकडे गेला, जित्याची खोड! पण डबा जागेवर नव्हता. खारूताई त्यावर बसली होती.

"ऊठ."

"नाही. आजीने सांगितलंय, बाबा मागतील, द्यायचा नाही."

मी दोन्ही हात खिशात घातले आणि तो पातळ माल तसाच आत सरकवला. वीस वर्षांत इतकं अवघड काम केलं नव्हतं. मग करायला काही उरलं नाही, तेव्हा चौथ्या खुर्चीवरचा ढीग उचलून पलंगावर टाकला आणि खुर्ची पुसली.

सातला वरून तांबूस, कडेने कुरकुरीत, आत मऊ असा ट्रे बाहेर आला. घरभर केळ्याचा आणि दालचिनीचा वास सुटला. मी सुरीने सहा सारखे तुकडे केले, मापात अर्थातच. मधला मऊ आईला, अक्रोड पेरलेला खारूताईला, कुरकुरीत कडेचा मला. एकाच ट्रेमध्ये तिघांचे लाड निघाले.

बायको आली, सवयीने ओट्याकडे वळली आणि थबकली. मग मोकळ्या खुर्चीकडे बघत राहिली.

"बस ना," मी म्हणालो.

ती बसली. पहिला घास खाऊन म्हणाली, "मीठ सापडलं वाटतं," आणि हसायला लागली. हॉस्पिटलमधले किस्से सांगू लागली, खारूताई खिदळत होती, घड्याळाकडे कुणी बघितलंच नाही. तिने दुसरा तुकडा तोंडात घातला आणि फोन वाजला. साडेसात.

ती गडबडून उठायला लागली. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. भुवया उंचावून सुनेकडे पाहिलं. बायको माझ्याकडे पाहत होती, ट्रेकडे, पुन्हा आईकडे. तोंड भरलेलंच होतं. तिने मान डोलावली.

"मी तिची सासू बोलतेय," आई फोनवर म्हणाली. "नाही, तिला आत्ता बोलता येणार नाही. बरी आहे हो, खातेय. बसून खातेय." जरा थांबून तिने घसा साफ केला. "आणि ती हो म्हणतेय."