मुखवट्यांवरचा धूर

कापसाची काडी जिभेवर ओली करायची, मुखवट्याच्या हनुवटीखाली नखाएवढ्या जागेत दहा वेळा गोल फिरवायची आणि उजेडात धरायची. पहिल्या मुखवट्याची काडी चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी आली. दुसऱ्याची आणि तिसऱ्याची तशीच. चौथ्याची पांढरी आली. मी नवी काडी घेऊन त्याच्या कपाळावर फिरवली आणि वहीत लिहिलं : चौथा, पांढरी, जवळजवळ. पाचवा तपकिरी, सहावा तपकिरी. सातव्या खिळ्यावर काहीच नव्हतं. तिथे कधीच काही नसतं.

तपकिरी रंग सिगारेटच्या धुराचा. अठ्ठ्याण्णव सालापासून आमच्याकडे बारमध्ये सिगारेट ओढता येत नाही, पण हा ‘लीवर्ड’ बार उघडला तो सहासष्टमध्ये. बत्तीस वर्षं सॅन पेड्रो बंदरातले खलाशी, गोदीवाले आणि त्यांच्या बायका हवाईतल्या झोपडीसारख्या सजवलेल्या या बिनखिडक्यांच्या खोलीत धूर सोडत बसल्या होत्या. तो छताच्या गवतावर बसला होता, बांबूंवर बसला होता, फुग्या माशांच्या पोटात बल्ब घालून केलेल्या अकरा दिव्यांवर बसला होता. एकट्या चौथ्या मुखवट्याला तो चुकवून गेला, हे मला पटेना.

हा सोमवार. शुक्रवारी दुपारी इमारत पाडणारे येणार होते.

जागा विकली गेली होती, त्यात कुणाला काही म्हणायचं नव्हतं. मालकीणबाई व्हेल्डा एक्याऐंशी वर्षांची, नवरा मर्ल जाऊन बारा वर्षं झालेली. प्रश्न होता आतल्या खोलीचा. फ्लोरोला ती अख्खी हवी होती. फ्लोरो म्हणजे आमचा बारवाला, पहिल्या दिवसापासूनचा, आता सदुसष्ट वर्षांचा. मासळी बंदरावर जाळी ठेवायची एक जुनी वखार त्याने बघून ठेवली होती. गवत, बांबू, मासे, मुखवटे सगळं जसंच्या तसं तिथे उभं करायचं, म्हणत होता. पॅसाडेनाच्या प्रुइट नावाच्या संग्राहकाला फक्त मुखवटे हवे होते. बाकीचं ढिगाऱ्यात गेलं तरी त्याची हरकत नव्हती. व्हेल्डा सहा आठवडे दोघांनाही ‘बघू’ म्हणत होती.

मी शहराच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. चोवीस वर्षं दर मंगळवारी ‘लीवर्ड’मध्ये रमचा एक ग्लास घेते, दुसरा घेत नाही. यादी करायचं काम व्हेल्डाने मला दिलं ते याच कारणाने. “बाकीचे सगळे एक तर पितात, नाही तर चोरतात,” ती म्हणाली. “तू मोजतेस.”

संशय घेणं ही तिची सवय होती. इतकी जुनी, की कुणाला टोचत नसे. बाटल्यांवर ती पेन्सिलीने खुणा करायची. मर्लही कमी नव्हता. गोड सरबतांच्या बाटल्यांवर तो नावं न लिहिता नुसते आकडे लिहायचा. दोन नंबरमध्ये काय आहे, नऊ नंबरमध्ये काय आहे, ते त्याला आणि फ्लोरोला ठाऊक. नोकर फुटला आणि शेजारच्या बारमध्ये गेला, तरी त्याच्याकडे सांगायला आकड्यांशिवाय काही नसावं, असा हिशेब. या धंद्यात तेव्हा सगळे असंच करायचे. व्हेल्डाला मात्र ते आकडे आजवर कुणी उलगडून सांगितले नव्हते, आणि ती तेही विसरली नव्हती.

मंगळवारी मी पुन्हा काड्या फिरवल्या. आता चौथा आणि दुसरा, दोघांची काडी पांढरी. म्हणजे दुसरा मुखवटा एका रात्रीत बदलला होता. कुणी तरी धूर खाल्लेला जुना मुखवटा काढून त्याजागी नवा घडवलेला लावत होतं. आकार तोच, दात तेच, रंग सारखाच काळपट. बारच्या लाल दिव्यांत कुणाला कळलं नसतं. मी पाठ दुखत असताना कामाचा पांढरा दिवा ओढत आणला, म्हणून निदान काडीचा रंग तरी दिसला.

शेजारच्या स्टुलावर ऑगी बसला होता. टगबोटीवरून निवृत्त झालेला, दुपारपासून येऊन बसणारा. मी काय करतेय ते त्याला सांगितलं नव्हतं.

“डॉक्टरीणबाई, देवाला थुंकी लावू नका. रागावला तर?”

मी म्हटलं, इतकी वर्षं तुमचा धूर सहन केला, थुंकीचं काय घेऊन बसलात. त्यावर तो रिकाम्या खिळ्याकडे बघून म्हणाला, की सातवा शहाणा, लघवीला म्हणून गेला तो परत आलाच नाही. हा विनोद तो चोवीस वर्षं करतो. सातवा मुखवटा बार उघडल्यावर आठव्या महिन्यात चोरीला गेला, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. तिथे टोपी अडकवायची नाही, असा रिवाज होता. नवखा कुणी अडकवायला गेला तर फ्लोरो ती न बोलता काढून त्याच्या हातात द्यायचा.

किल्ल्या तिघांकडे होत्या. व्हेल्डाकडे, फ्लोरोकडे, आणि मापं घ्यायला दिली म्हणून प्रुइटकडे. मला वाटत होतं तो प्रुइट असावा. तो फार नीटनेटका होता, भिंतीशी बोलल्यासारखा हळू बोलायचा, आणि मुखवट्यांची मापं त्याने तीनदा घेतली होती. कुणावर संशय घ्यायचा तर आवडत नसलेल्या माणसावर घेणं सोपं जातं. म्हणून मी तो संशय वहीत लिहिला नाही.

बुधवारी चार काड्या पांढऱ्या आल्या. त्याच दुपारी मी गाडी लावायला मागच्या गल्लीत वळले, तर फ्लोरो त्याच्या गाडीची डिकी उघडून उभा होता. आत बारच्या टॉवेलमध्ये काही तरी गुंडाळलेलं होतं. टॉवेलची कड सरकली होती आणि खाली लाकडाचे दात दिसत होते. त्याने मला बघितलं, टॉवेल सारखा केला आणि डिकी लावली.

“उकडतंय आज,” तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. चोवीस वर्षांत या माणसाने माझा ग्लास कधी मागावा लागू दिला नव्हता. माझी आई गेली त्या मंगळवारी त्याने ग्लासात नेहमीची सजावटीची कागदी छत्री खोचली नाही. पण मी पाणी तपासते. नमुना कुणाच्या विहिरीचा आहे हे बघून मी आकडा बदलत नाही. गुरुवारी सकाळी मी व्हेल्डाला सगळं सांगितलं.

तिला आश्चर्य वाटलं नाही. उलट ती थोडी सुटल्यासारखी दिसली, असंच म्हणावं लागेल. निर्णय न घेण्याचं कारण हाती आल्यासारखी. तिने प्रुइटलाही बोलावून घेतलं. दुपारी तीन वाजता आम्ही चौघं आणि उठायला तयार नसलेला ऑगी, असे बारमध्ये जमलो. साफसफाईच्या वेळी लावायच्या ट्यूबलाइट लावल्या होत्या. त्या उजेडात ‘लीवर्ड’ मी पहिल्यांदाच बघत होते. छताचं गवत राखेच्या रंगाचं होतं आणि माशांच्या काट्यांवर धूळ लोंबत होती.

“मर्ल तुला भावासारखा मानायचा,” व्हेल्डा म्हणाली. “सत्तेचाळीस वर्षं. आणि तू माझ्या भिंतीवरून चोरतोस?”

फ्लोरो ग्लास पुसत होता. पुसून झाला तो, मग पालथा घातला.

“मी नेत नाहीये, मिसेस डी. मी आणून लावतोय.”

मग त्याने सांगितलं, आणि ते तसं थोडक्यातच होतं. सातवा मुखवटा गेला त्याच आठवड्यात मर्लने उरलेले सहा उतरवले. ते हवाईत त्याच्या जहाजावरच्या दोस्ताने कोरलेले होते आणि तो दोस्त तोवर वारला होता. पुन्हा मिळणारे नव्हते. मर्लने ते फ्लोरोच्या घरी ठेवायला दिले आणि त्यांच्यासारखे दुसरे कोरायला सांगितले. फ्लोरोचा मामा होडीच्या कारखान्यात सुतार होता. दोघांनी मिळून जुन्या होडीच्या लाकडातून सहा महिन्यांत सहा मुखवटे केले. भिंतीवर इतकी वर्षं धूर खात होते ते तेच. खरे फ्लोरोच्या पलंगाखाली चादरीत होते.

“उद्या तुम्ही ही खोली कुणाला तरी देणार. मर्लच्या नावाने माझी नक्कल विकली जायला नको. म्हणून रोज एक-दोन बदलत होतो. उरलेले दोन आज होणार होते.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगू नको म्हणाला होता.”

“मला?”

“तुम्हालाच.”

प्रुइट हलकेच हसला. गोष्ट छान आहे, असं म्हणाला, आणि मग म्हणाला की आपल्याला आता फक्त तपकिरी काडीचे उरलेले दोन हवेत, कारण बाईंच्या तपासणीप्रमाणे खरे तेवढेच. व्हेल्डाने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. फ्लोरोने नाही, त्याने दुसरा ग्लास घेतला होता.

मी वही उघडली. सोमवारच्या ओळीवर थांबले. चौथा, पांढरी, जवळजवळ. ‘जवळजवळ’ मीच लिहिलं होतं आणि मीच ते पुढे सोडून दिलं होतं. काड्या मी टाकत नाही, सगळ्या पाकिटांत नंबर घालून ठेवलेल्या होत्या. चौथ्याची काडी काढून कोऱ्या कापसाशेजारी धरली. ट्यूबच्या उजेडात फरक दिसत होता. काडी पांढरी नव्हती. वाळलेल्या गवताची असावी तशी, अगदी फिकट पिवळी होती. दुसऱ्याचीही. बुधवारच्या दोघांचीही.

आज नव्याने कोरलेल्या लाकडावर पिवळं काहीच आलं नसतं. इथे पंधरा वर्षं कुणी सिगारेट पेटवलेली नाही. बत्तीस वर्षांचा धूर असता तर काडी तपकिरी झाली असती. हा धूर होता, पण थोडा होता. काही महिन्यांचा.

मी भिंग मागितलं. ते माझ्याच पिशवीत होतं, हे ऑगीने लक्षात आणून दिलं. गल्ल्यामागे उद्घाटनाच्या रात्रीचा फोटो लावलेला आहे : तरुण मर्ल, तरुण व्हेल्डा, आणि त्यांच्या मागे मुखवट्यांपैकी दुसरा, त्याच्या डाव्या भुवईपासून निघालेली एक चीर. भिंतीवरच्या दुसऱ्या मुखवट्यालाही तिथेच चीर होती. भिंगातून बघितलं. ती लाकडाच्या रेषांबरोबर वळत गेली होती, आत तंतू उभे होते, शेवटी केसाएवढी बारीक होऊन संपली होती. लाकूड वाळताना अशी चिरतं.

“फ्लोरो, दुसऱ्याची नक्कल कुठे आहे?”

त्याने काउंटरखालून टॉवेलमधला मुखवटा काढून दिला. त्यालाही चीर होती. तिचा तळ गुळगुळीत होता आणि ती जिथे संपत होती तिथे पटाशीची टोकदार खूण होती. काम सुरेख होतं. मी नुसती घाण तपासली होती, लाकूड बघितलंच नव्हतं.

“माझी चूक झाली,” मी म्हटलं. “पांढरे आहेत ते खरे. मी उलटं वाचलं.”

फ्लोरोने मान हलवली, जशी कुणी ‘उकडतंय’ म्हटल्यावर हलवतात. त्याला आणखी काही म्हणायचं असतं तर बरं झालं असतं.

“बघा, मी म्हणत होतो ना, डॉक्टरीणबाई,” ऑगी म्हणाला, “थुंकी लावू नका.”

प्रुइट आता मुखवट्यांसमोर उभा होता आणि त्याचा आवाज आणखी हळू झाला होता. खऱ्या सहांचं तो बघेल, म्हणाला. उद्या सकाळी गाडी पाठवेल, बाईंनी फक्त हो म्हणावं.

व्हेल्डाने ते ऐकलं असावं असं वाटलं नाही. ती त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होती.

“मर्लला लॉइडचा संशय होता,” ती म्हणाली. लॉइड तिचा भाऊ. “म्हणून मला नाही सांगितलं.”

“हो,” फ्लोरो म्हणाला.

“आणि तुलाही गप्प ठेवलं.”

“मला काय. मला जपायला सांगितलं, मी जपले.”

हातातली पेन्सिल तिने काउंटरवर ठेवली. ती घरंगळत गेली आणि फ्लोरोने कडेला यायच्या आत थांबवली.

“लॉइडनेच नेला होता,” ती म्हणाली. “तो गेल्यावर त्याच्या गॅरेजमध्ये सापडला मला. एकोणऐंशी साली. मर्लला कसं सांगणार? चादरींच्या कपाटात आहे माझ्या, पलंगाच्या डोक्याशी, वरच्या फळीवर. रोज रात्री मी इथल्या बाटल्यांवर खुणा करायचे, आणि घरी जाऊन त्या मुखवट्याखाली झोपायचे.”

प्रुइटने सात म्हटल्यावर किती फरक पडतो ते सांगायला सुरुवात केली. पूर्ण संच, तो म्हणाला. व्हेल्डाने त्याच्याकडे वळून हात पुढे केला. त्याला वाटलं हात मिळवायचाय; त्याने मिळवला. तिने तो तसाच धरून उलटा केला आणि म्हणाली, “किल्ली.”

त्याने किल्ली दिली.

ती स्टुलावरून उतरली. सावकाश, काउंटरला धरून. छताकडे बघितलं, एकेका दिव्याकडे बघितलं, जसं काही यादी तीच करत होती. मग ती किल्ली तिने फ्लोरोने पालथ्या घातलेल्या ग्लासाशेजारी ठेवली.

“सातवा मी सकाळी घेऊन येते,” ती म्हणाली. “फ्लोरो, सगळं तू ने. गवतासकट.”