सांगून संपलेलं घर

हेमांगीचं मॉरिशसमधलं घर तिच्या कमरेएवढं झालं होतं. टॅक्सीतून उतरून ती फाटकाशी उभी राहिली, तर घराचं पत्र्याचं छप्पर तिच्या पर्सच्या उंचीला लागत होतं. हात लांब केला असता तर छपराच्या पलीकडची कड हाताला लागली असती. मुकुंदने टोपी मागे सारली, आधी घराकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"हेच का ते?"

"हेच."

"जरा लहान वाटतंय."

"लहानपणी सगळं मोठंच दिसतं," असं म्हणून तिने वेळ मारून नेली. मुकुंदला ते पटलं. तो भला माणूस होता, त्याला बहुतेक गोष्टी पटत.

निवृत्त झाल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर बायकोला माहेर दाखवायला आणलं. समुद्रकाठच्या हॉटेलात दोघं आरामखुर्च्यांवर पडून शहाळी पीत. तो रोज विचारायचा, "घरी कधी जायचं?" आणि ती रोज म्हणायची, "उद्या जाऊ, आज ऊन फार आहे." शेवटी त्यानेच टॅक्सी ठरवली.

लग्न होऊन सांगलीला आल्यापासून हेमांगीने या घराच्या जिवावर दिवस काढले होते. जावेने नवा फ्रीज दाखवला की हिने दिवाणखान्यातलं झुंबर काढायचं. नणंदेने बंगल्याचा विषय काढला की हिने शिसवी जिना काढायचा, कठड्यावर मोर कोरलेले. बडा घर पोकळ वासा म्हणतात, पण वासा ठोकून बघायला सांगलीहून कोण येणार होतं? शिवाय तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. झुंबर होतं, जिना होता, मोरही होते. फक्त ते घर तिचं नव्हतं. ते तिच्या बरोबरीच्या कौसल्याच्या वडिलांचं. हेमांगीचे वडील त्यांच्या कापडाच्या दुकानात शिंपी होते, आई त्यांची धुणी धुवायची, आणि हे तिघं मागच्या धुण्याच्या खोलीत राहायचे. ही खोली तिने सांगलीत कधी कुणाला सांगितली नाही. मुकुंदलाही नाही.

आता कमरेएवढ्या घरामागे ती खोली मात्र पूर्वी होती तेवढीच उभी होती. तिच्या दारातून कौसल्या बाहेर आली. केस पिकले होते, चालणं तेच होतं.

"हेमा, आलीस? या जावईबापू. पुढून नका येऊ, आम्ही आता मागेच असतो."

मुकुंद वर बघत होता. घराच्या वर, माडाच्या शेंड्याइतक्या उंचीवर, एक म्हातारा हवेत खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या धोतराचा सोगा वाऱ्यावर हलत होता.

"ते कोण?"

"बाबा. जिना गेला तेव्हा ते माडीवर होते," कौसल्या म्हणाली. "मग माडीही गेली. ते वरच राहिले. जेवण आम्ही बांबूला बांधून देतो."

वडीलधाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय आत जाणं मुकुंदला बरं दिसेना. तो खुर्चीखाली जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "नमस्कार. तब्येत काय म्हणते?"

"वारा चांगला आहे," वरून आवाज आला.

दोघी आत गेल्या. खोलीत कौसल्याचा मुलगा आणि सून अंग चोरून उभे होते. कपाटावर कपाट, त्यावर पलंग, पलंगावर देवघर, असा सगळा संसार छतापर्यंत रचलेला होता. ज्या दगडावर हेमांगीची आई धुणी आपटायची, त्याच्यावर आता स्टोव्ह होता. कौसल्याने चहाचं आधण ठेवलं.

"झुंबर गेलं तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो," ती म्हणाली. "वर बघितलं तर नुसता हूक. तू तिकडे सांगतेस ना, ते इथून जातं. जिना तू पुन्हा पुन्हा सांगितलास. तो आधीच गेला होता, म्हणून मग सज्जा गेला, कोठीची खोली गेली. राहिलं ते आखडत आलं."

हेमांगीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "मला ठाऊक नव्हतं गं."

"तुला कसं ठाऊक असणार? आणि सांगितलंस तर कुठे बिघडलं? तू इथलीच मुलगी." कौसल्याने साखर घातली. "ही खोली तेवढी तू कुठे सांगितली नाहीस. तुझे उपकार आहेत."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर हेमांगीला सोसला असता. टोमणा नव्हता. चहा गोड होता आणि तिने तो तसाच बाजूला ठेवला.

"माहेरवाशीण आहेस, ओटी भरल्याशिवाय सोडायची नाही मी," म्हणून कौसल्याने पाट मांडला. हेमांगी पाटावर बसली, तिने पदर पुढे घेतला. सुनेने तबक आणलं. तेवढ्यात मुकुंद आत आला आणि भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "ही खोली चांगली आहे की. हिच्याबद्दल कधी बोलली नाहीस तू."

"पाहुण्यांची खोली ही," कौसल्या मान वर न करता म्हणाली. तिने हेमांगीच्या कपाळाला कुंकू लावलं.

"पाहुण्यांच्या खोलीत धुण्याचा दगड?" मुकुंदने विचारलं. त्याला खरंच कुतूहल वाटलं होतं.

आता गप्प बसणं हेच पुण्याचं होतं, हे हेमांगीला कळत होतं. गप्प बसली तर या माणसांच्या डोक्यावर छप्पर राहील. पण गप्प बसणं तिला जन्मभर सोयीचंच पडलं होतं, आणि आज त्यालाच पुण्य म्हणायचं, याची तिला शिसारी आली. आई त्या दगडापाशी ओणवी उभी असायची, आणि आता ती कुणाच्या घरची पाहुणी ठरली होती.

"आम्ही इथे राहायचो," ती म्हणाली. "त्या मोठ्या घरात नाही, इथे. आई यांची धुणी धुवायची. त्या दगडावर."

आधी छत गेलं. मग भिंती गेल्या, दगड गेला, कपाटं आणि पलंग गेले. पडलं काहीच नाही. पुढचं कमरेएवढं घर याच खोलीला टेकून उभं असावं, तेही गेलं. चारी बाजूंना ऊस होता आणि डोक्यावर ऊन. स्टोव्ह गवतात पेटलेलाच होता. सुनेने तो विझवला.

"काय झालं?" बाबांनी वरून विचारलं.

मुकुंदने टोपी पुढे ओढली. "बरं," तो म्हणाला आणि आपल्या बुटांकडे बघत राहिला. हेमांगीला वाटलं, तो रागावला तर बरं होईल. तो रागावला नाही.

कौसल्याने हातातलं काम अर्धवट टाकलं नाही. तिने हेमांगीच्या पदरात नारळ घातला, खण घातला, ओंजळीने तांदूळ घातले. ओटी भरली की त्यातले थोडे तांदूळ माहेरवाशिणीने त्या घरात परत ठेवायचे, म्हणजे घर रितं होत नाही. हेमांगीने मूठभर तांदूळ उचलले आणि ठेवायला जागा शोधू लागली. कोपरा नव्हता. उंबरठा नव्हता. देवघर नव्हतं. मूठ हवेत तशीच राहिली.

कौसल्याने तिची अडचण ओळखली. ती पाटासमोर गवतात गुडघे टेकून बसली आणि तिने आपला पदर दोन्ही हातांनी हेमांगीपुढे पसरला.

"घाल," ती म्हणाली.

हेमांगीची मूठ उघडेना.