दसऱ्याला भेटलेला माझा गाववाला

मित्रांनो, मला फक्त जवळचं दिसतं, हे आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. आयुष्यभर मी काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब पाहिला आणि आजाराचं कारण दाखवलं. जंतू दिसला की डॉक्टर औषध लिहायला मोकळे. कारण शोधण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही, असा मला गर्व होता. यंदाच्या दसऱ्याला तो उतरला.

माझा जन्म पूर्व जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तो देश आता नकाशात नाही. तिथे कम्युनिस्टांचं राज्य होतं आणि कारखान्याच्या भिंतीवर 'सर्व देशांचे कामगार भाऊ भाऊ' असं लिहिलं होतं म्हणे. मी काही ते वाचलं नाही, कारण भिंगं मला सगळ्यात शेवटी बसवली. मला घडवणाऱ्यांचे चेहरेही मी पाहिले नाहीत. हात तेवढे आठवतात, थंड आणि बिलकूल घाई नसलेले.

मग बोटीत बसून मी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात आलो. प्रल्हाद नावाच्या विद्यार्थ्याने मलेरियाचा जंतू पहिल्यांदा माझ्यातून पाहिला आणि तो जेवायला जायचंच विसरला. पुढे कॉलेजात नवे मायक्रोस्कोप आले आणि मी अडगळीत गेलो. प्रल्हादने मला तिथून मागून घेतलं, स्वेटरांत गुंडाळलं आणि अमेरिकेला नेलं. आता तो मिशिगनमधल्या ट्रॉय गावचा निवृत्त डॉक्टर आहे आणि मी त्याच्या दिवाणखान्यात कपाटावर असतो. वर्षभर माझ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पण ज्याच्यावर पोट चाललं त्या हत्याराची दसऱ्याला पूजा करायची, हा नेम त्याने मोडलेला नाही. त्याची बायको नीला मला हळदकुंकू लावते, झेंडू वाहते. इतक्या वर्षांच्या कुंकवाने माझं फोकसचं चाक पार अडकलंय, पण कौतुकापुढे मी तक्रार करत नाही.

यंदा दसरा गुरुवारी होता. इथे मात्र सण शनिवारी येतात. शेजारच्या काट्रिन नावाच्या जर्मन इंजिनिअरला नीलाने जेवायला बोलावलं होतं, आणि महिनाभर तिच्याकडे आलेल्या तिच्या वडिलांनाही. प्रल्हादची पुतणी अदितीही आली होती. ती विद्यापीठात पीएचडी करते. कम्युनिस्ट राजवट गेलेल्या देशांत इतकी माणसं आता कडव्या राष्ट्रवादी पक्षांकडे का वळतात, हा तिचा विषय. जानेवारीत ती वर्षभर जुन्या पूर्व जर्मनीच्या भागात राहायला जाणार होती. आपल्या सावळ्या पोरीला तिथे कोणी काही करेल का, याची घरात सगळ्यांना धाकधूक होती.

काट्रिनचे वडील मानफ्रेड आत आले आणि फुलांतून मला पाहून जागीच थांबले. माझ्या पाठीवरचा नंबर त्यांनी बोटाने चाचपला.

"हा आमच्या कारखान्याच्या हॉलमधला आहे," ते अडखळत इंग्रजीत म्हणाले.

ते हात मी ओळखले. निदान तसं मला वाटलं.

त्यांनी रुमाल काढला आणि माझ्या चाकातलं कुंकू काढत बोलायला सुरुवात केली. "बर्लिनची भिंत पडली तेव्हा आम्ही रस्त्यात नाचलो. मग पश्चिमेकडच्या लोकांनी कारखाना घेतला आणि बंद केला. असे मायक्रोस्कोप आम्हालाच कचऱ्यात फेकायला लावले. काट्रिनच्या वर्गातल्या मुली एकेक करून गाव सोडून गेल्या. आणि तुम्ही इथे याला फुलं वाहता!" त्यांचे डोळे भरून आले, आणि मलाही गलबलून आलं.

मी मनात म्हटलं, सापडला जंतू! माणसाच्या कामाला कचरा म्हटलं की तो बिथरणारच.

पण अदिती प्रल्हादला हळूच म्हणाली, "काका, इट्स नॉट दॅट सिंपल. पोलंडमध्ये केवढी ग्रोथ झाली, तरी तिथेही हेच चाललंय." मग तिने मानफ्रेडना विचारलं, "तुमच्या गावात परदेशी माणसं होती?"

"व्हिएतनामी कामगार होते. त्यांचं वसतिगृह वेगळं होतं. आमचं त्यांच्याशी बोलणं कोणाला आवडायचं नाही."

"आणि कारखान्याच्या भिंतीवर मात्र भाऊ भाऊ?"

"भिंतीवर बरंच काही होतं. नाझी सगळे पश्चिमेकडे राहिले, आपण स्वच्छ, असं शाळेत शिकवायचे. माझे वडील युद्धात काय करत होते, ते घरात कोणी विचारलं नाही."

हा दुसरा जंतू, की तिसरा? एका काचपट्टीवर इतकी कारणं मी कधी पाहिली नव्हती. माझं डोकं चालेना.

"मग तुम्ही मत कोणाला देता?" अदितीने विचारलं.

काट्रिन ताटाकडे पाहू लागली. "परदेशी लोकांना हाकला म्हणतात, त्या पक्षालाच," मानफ्रेड म्हणाले. "दारात येऊन ऐकून घेणारे तेवढेच होते."

पुरी वाढणारा नीलाचा हात तसाच राहिला. प्रल्हादचा आवाज चढला. "मग ऑनेस्टली सांगा, आमच्या मुलीने तिकडे यावं का?"

"तिने माझ्या घरी राहावं. तिथे तिला कोणी हात लावणार नाही."

"आणि घराबाहेर?"

"सोमवारी संध्याकाळी त्यांचा मोर्चा निघतो. तेव्हा तिने बाहेर पडू नये."

अदितीने विचारलं, "त्या मोर्च्यात तुम्ही असता?"

"मी मागे चालतो," मानफ्रेड म्हणाले. "अगदी मागे."

 मग अदिती म्हणाली, "मी येणार. तुमच्याच घरी राहणार. सोमवारी संध्याकाळी मी चहा करेन. तुम्ही घरी थांबाल?"

ते ताटावरून उठून माझ्याकडे आले. ते माझं चाक पुसत राहिले. चाक केव्हाच स्वच्छ झालं होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, एवढं सांगून मी गप्प बसणार होतो. पण मला जपलं अदितीच्या घरच्यांनी, आणि मला घडवणारा माणूस तिच्यासारख्यांना हाकलायला निघालेल्या मोर्च्यात चालतो. मी कोणाच्या बाजूने बोलू? या माणसाचा मला राग येतो आणि त्याचे हात सोडवत नाहीत. कारण काय ते तुम्हाला सापडलं तर मला सांगा, मी हरलो. तोवर एवढंच करा. सोमवारी संध्याकाळी त्यांना कोणीतरी घरी थांबवून घ्या.