न मागता भरलेला थर्मास

मित्रांनो, मला उचलाल तर जरा हळू. वरून मी निळ्या पत्र्याचा, धडधाकट दिसतो, पण पोटात काच आहे. मी जोस्लीनचा जुना थर्मास. वसईच्या बाजारात तिने मला पारखून घेतलं आणि सुक्या बोंबलांच्या पुडक्याला खेटून मी दोहाला आलो. तो वास माझ्या झाकणाला कितीतरी महिने होता. असो!

तिथल्या अल सद्द भागातल्या लहानशा फ्लॅटमध्ये माझी हयात गेली. जोस्लीन नर्स आहे. सकाळच्या ड्युटीला निघण्याआधी ती आलं घालून चहा करते, मला गच्च भरते आणि नवऱ्याच्या पिशवीत ठेवते. नवरा सबॅस्टियन, एसी दुरुस्तीच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. तो रोज म्हणतो, "नको गं, ऑफिसात मिळतो चहा." ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. आणि दुपार व्हायच्या आत हाच पठ्ठ्या माझं बूच उघडून बसतो! निम्मा चहा आपण पितो, निम्मा मच्छिंद्रला देतो.

मच्छिंद्र बीडकडचा, त्याच कंपनीतला एसी मेकॅनिक. गच्चीवरच्या उन्हातून घामाने निथळत खाली येतो, तरी त्याला गरम चहाच लागतो. "वैनीच्या हाताला चव हाय, दादा," असं तो म्हणाला की मी मनातून फुगायचो. त्याचं दुसरं वाक्यही ठरलेलं होतं. "पुढच्या वर्षी खलास, गावाला जानार." ते ऐकता ऐकता माझा रंग उडाला, पण त्याचं पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. आखातात जो तो दोन वर्षांसाठीच आलेला असतो बरं का! मच्छिंद्रने गावाकडे घर बांधलं, बहिणींची लग्नं केली, मुलीला शिकवलं. स्वतःच्या म्हातारपणासाठी मात्र काहीच ठेवलं नव्हतं. सबॅस्टियनला ती काळजी होती. पण हातपाय चालणाऱ्या माणसाला हे सांगणार कोण?

मग ऑफिसात कॉफीचं मशीन आलं. बटण दाबलं की फुस्स करून कप भरायचं. सबॅस्टियन मला पिशवीतून बाहेर काढीना. संध्याकाळी मी भरलेलाच घरी यायचो आणि जोस्लीन चहा सिंकमध्ये ओतायची. फार वाईट वाटायचं, मित्रांनो. दिवसभर जिवापाड ऊब सांभाळायची आणि कोणी झाकणही उघडायचं नाही! तरी दुसऱ्या दिवशी ती मला पुन्हा भरायचीच.

त्याच सुमारास कंपनीने म्हातारपणासाठी बचतीची योजना आणली. पगारातून दर महिन्याला थोडं बाजूला ठेवायचं, तेवढीच भर कंपनीने घालायची. सगळ्यांची नावं आपोआप आत जाणार. ज्याला नको असेल त्याने तसं सांगायचं. संसदेत कायदा होण्याआधी निवडून आलेले सभासद त्याचा कीस पाडतात ना, तशी इथे कामगारांनी निवडलेली समिती होती. ती हो म्हणेल तेव्हाच योजना सुरू होणार होती. समितीत निम्मे इकडे, निम्मे तिकडे. उरलं सबॅस्टियनचं एक मत.

मच्छिंद्र तणतणत आला. "दादा, ही योजना पाडा. मला न इचारता माझ्या पगाराला हात लावनारे हे कोन?"

"पाडतो," सबॅस्टियन म्हणाला. शब्द दिला त्याने.

सभेच्या दिवशी मी टेबलाखाली पिशवीत होतो. अकाउंट्समधली नीलांबरी योजना समजावून सांगत होती. कंत्राटावर आलेली, नवखी पोर. सबॅस्टियनने तिच्यावर प्रश्नांची सरबत्ती केली. सभा इंग्रजीत चालली होती, पण हा रागावला की मराठीवर घसरतो. "माणसाला न विचारता त्याचं भलं करायचं? हे कुठलं शहाणपण?"

"सर, विचारलं की सगळे 'पुढच्या वर्षी' म्हणतात. तहान लागल्यावर विहीर..." पुढे तिला ठसकाच लागला. बोलवेना.

सबॅस्टियन कितीही भांडला तरी वसईचा माणूस. समोरच्याचा घसा सुकलेला त्याला बघवत नाही. त्याने मला बाहेर काढलं, झाकणात चहा ओतला आणि तिच्यापुढे ठेवला. आल्याची वाफ वर आली. तो त्या वाफेकडे बघतच राहिला. मग स्वतःशीच हसला.

"माझी बायको रोज मला न विचारता हा भरते," तो हळूच म्हणाला. "मी रोज नको म्हणतो. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरते. मॅडम, तुमच्या योजनेत एकदा नको म्हटलं की कायमचं नको. मग दुसरा दिवस कुठे आहे?"

नीलांबरीने झाकण खाली ठेवलं. "तो नाहीये, सर," ती म्हणाली. "पण घालता येईल."

आणि तो घातला! नको म्हणणाऱ्याचं नाव वर्षाने पुन्हा आपोआप आत येईल, तेव्हा त्याने हवं तर पुन्हा नको म्हणावं, असं ठरलं. मगच सबॅस्टियनने हात वर केला.

मच्छिंद्र भडकला. "शब्द फिरवला तुमी," एवढंच बोलला. सगळ्यांत आधी जाऊन त्याने आपलं नाव काढून घेतलं आणि चहाला येणं बंद केलं. सबॅस्टियन आता मला पुन्हा रोज उघडायचा आणि त्याच्यासाठी निम्मा चहा ठेवायचा. तो माझ्यातच निवायचा. ते वर्ष आम्हा दोघांनाही जड गेलं.

वर्षभराने, सुट्टीच्या एका शुक्रवारी, दाराची बेल वाजली. दारात मच्छिंद्र. आत येऊन खाली मान घालून बसला.

"दादा, औंदा नको म्हनायचं इसरलो बगा."

विसरला म्हणे! कुठल्या गच्चीवरच्या कुठल्या एसीचा कुठला स्क्रू ढिला आहे, हे ज्याला पाठ असतं, तो विसरला! सबॅस्टियनने तोंड खिडकीकडे फिरवलं. जोस्लीनने मला उचललं आणि कप भरला.

"नको वैनी," मच्छिंद्र म्हणाला. आणि दोन्ही हातांनी कप घेतला.

म्हणून सांगतो मित्रांनो, मला धुताना सांभाळून धुवा, काच एकदा गेली की ऊबही जाते. तुमच्या घरातही कोणीतरी न मागता तुमच्यासाठी काहीतरी भरून ठेवत असेल. नको म्हणा हवं तर, पण त्या माणसाला कधीतरी विचारा, तू घेतलास का चहा? जोस्लीनला अजून कोणी विचारलेलं नाही.