माझा आखूड पाय आणि दहा गुण

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. नुसती जुनी नाही, डुगडुगती. माझा मागचा डावा पाय अर्ध्या बोटाने आखूड आहे, आणि या अर्ध्या बोटाने किती मुलामुलींच्या तोंडचं पाणी पळवलं, याची ही गोष्ट आहे. मी ती आज खरी खरी सांगणार आहे. थोडी फुशारकी होईल, ती सांभाळून घ्या.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. सुताराचा हात चांगला होता, पण त्याचा मेहुणा रोज दुकानात येऊन गप्पा छाटत बसायचा. माझे तीन पाय बरोबर कापून झाले. चौथ्याच्या वेळी मेहुण्याने आपल्या बहिणीच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. सुतार म्हणाला, "मग रोज जेवायला का येतोस?" मेहुणा उत्तर शोधत होता, सुतार मेहुण्याकडे बघत होता आणि करवत कुणाकडेही न बघता भलतीकडेच चालली. पाय जोडल्यावर सुताराने मला एकदा हलवून पाहिलं. "फरशी काय सगळीकडे सरळ असते? बसेल कुठेतरी बरोबर," असं म्हणून त्याने मला पॉलिश मारलं.

तिथून मी एका शिष्यवृत्ती मंडळाच्या कचेरीत आले. दुसऱ्या मजल्यावरची एकच खोली, एक टेबल, एक कपाट आणि बोलणाऱ्यापेक्षा जास्त आवाज करणारा पंखा. ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची आहे पण शिकायची इच्छा आहे, अशा मुलामुलींना हे मंडळ फी, पुस्तकं आणि वसतिगृहाचा खर्च द्यायचं. मंडळात दोघं जण होते. एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे बाई म्हणत. दुसरे लेथवाले काका, त्यांनी लेथ मशीनवर सुटे भाग बनवायचा कारखाना चालवून तो आता मुलाकडे सोपवला होता. दाराशी शिपाईमामा असायचे. मुलाखतीला आलेल्या मुलाने माझ्यावर बसायचं, असं ठरलेलं होतं.

पहिल्याच मुलाखतीला एक मुलगा माझ्यावर बसला आणि मी खटकन मागे कलले. त्याच्या हातातले कागद खोलीभर झाले. तरी "माझं गणित चांगलं आहे" हे वाक्य पूर्ण करूनच तो कागद गोळा करायला वाकला. बाई खूश झाल्या. "पोरगं घाबरलं नाही हं," असं म्हणून त्यांनी काकांकडे सूचकपणे पाहिलं. काकांनीही सूचकपणे मान हलवली.

इथेच घोटाळा झाला. बाईंना वाटलं, ही युक्ती काकांची. यंत्रातला माणूस, वस्तू हलवून बघितल्याशिवाय पास करत नाही. काकांना वाटलं, ही युक्ती बाईंची. तीस वर्षं पोरांना बाकावर उभं केलेली बाई, तिला काय अशक्य? विचारावं तर आपणच बावळट ठरू, म्हणून दोघंही गप्प राहिले. शिपाईमामांनी बिचाऱ्यांनी माझा पाय ठीक करायला दोनदा हातोडी आणली. पहिल्यांदा बाई म्हणाल्या, "राहू द्या मामा, काकांना आवडायचं नाही." दुसऱ्यांदा काका म्हणाले, "राहू द्या मामा, बाई रागावतील." मामांनी हातोडी कपाटात टाकली ती कायमची. पुढच्या वर्षी काकांना बरं वाटावं म्हणून बाईंनी गुणपत्रिकेत चक्क एक नवा रकाना आखला: 'खुर्ची, दहा गुण'.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. माझ्या आखूड पायामागे कसलीही परीक्षा नव्हती, फक्त सुताराचा मेहुणा होता. पण मला तोंड नाही, आणि खरं सांगायचं तर असतं तरी मी ते उघडलं नसतं. दहा गुण माझ्या नावावर होते. मी स्वतःला मंडळाची तिसरी सभासद समजायला लागले होते.

माझी कीर्ती जिन्यात थांबलेल्या मुलांपर्यंत पोचली आणि तिथून रस्त्यावर. कोणी म्हणे ताठ बसलं की धैर्याचे गुण मिळतात, कोणी म्हणे हसलं की स्वभावाचे. एक मुलगा दहा मिनिटं माझ्यावर बसलाच नाही, बसल्यासारखं करून नुसता अधांतरी राहिला. त्याचे गुडघे इतके थरथरत होते की मलाच त्याची दया आली. एकाने खिशातून पेचकस काढला, पण माझ्या अंगावर एकही स्क्रू नसल्यामुळे त्याची पंचाईत झाली. खाली कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने तर 'खुर्चीवर कसे बसावे' असा कागद विकायला ठेवला.

अशात एक दिवस ती आली. तिची आई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायची. मुलगी धावतपळत, शेवटच्या क्षणी पोचली होती, त्यामुळे जिन्यातलं काहीच तिच्या कानावर पडलं नव्हतं. ती बसली, मी कलले. "थांबा हं बाई," असं म्हणून ती उठली, तिने मला उलटं केलं, माझे चारही पाय वर. इतकी वर्षं मंडळाची सभासद असलेल्या माझी ही अवस्था! तिने हातातला एक कागद चौपदरी घडी करून माझ्या पायाखाली सारला आणि शांतपणे बसली.

"अगं, तो तुझा अर्ज होता!" बाई म्हणाल्या.

"मागची बाजू कोरीच होती ना," ती म्हणाली.

काका इतके हसले की मामा पाणी घेऊन आले. काकांनी तिचं नाव ठेवलं खटपटी. अर्ज माझ्या पायाखालून निघून फाइलला लागला आणि तिला खुर्चीच्या रकान्यात दहापैकी अकरा गुण मिळाले. रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला आणि काका तिचे मार्गदर्शक झाले. श्रेय अर्थातच मी घेतलं.

दर शनिवारी दुपारी ती माझ्यावर बसायची, काका समोर. "कळतंय ना सगळं?" काका विचारायचे. "हो काका," ती म्हणायची. मग चहा व्हायचा. सहा महिने हे असंच सुखाने चाललं, आणि निकाल लागला तेव्हा खटपटी दोन विषयांत नापास. मंडळाचा नियम कडक होता. फेरपरीक्षेत पास झाली नाही तर शिष्यवृत्ती बंद. दोन शनिवार ती फिरकलीच नाही. आईच्या कँटीनमध्येच कामाला लागणार, असं मामांच्या कानावर आलं. तिसऱ्या शनिवारी काका स्वतः कँटीनला गेले आणि तिला घेऊनच परतले.

"नापास कशी झालीस?"

"काही कळतच नव्हतं, काका."

"मग 'हो काका, हो काका' काय चाललं होतं?"

खटपटी रडायला लागली. "नाही म्हटलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, चुकीची मुलगी निवडली."

काकांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मग म्हणाले, "मी कामाला लागलो ना, तेव्हा लेथ सुरू कुठून होतो तेही मला माहीत नव्हतं. मालकाला विचारायची लाज. दोन दिवस नुसता पुसत बसलो. मालक म्हणाला, किती स्वच्छ पोरगा आहे!" ती रडता रडता हसली. "आजपासून काय कळलं ते मला सांगायचं नाही. काय कळलं नाही त्याची यादी आणायची. यादी नाही तर चहा नाही."

पहिल्या यादीत एकच ओळ होती. पुढच्या शनिवारी एक्केचाळीस. त्यातला सतरावा प्रश्न होता, 'सर फळ्यावर काढतात ते अक्षर आहे की आकृती?' ज्यांची उत्तरं काकांना यायची नाहीत, ती ते आठवडाभर हिंडून, चार जणांना विचारून आणायचे. एका रुग्णालयातल्या ओळखीच्या तंत्रज्ञाला गाठून त्यांनी तिला बंद पडलेली यंत्रं उघडून बघायची परवानगी मिळवून दिली. खटपटी फेरपरीक्षा पास झाली, पुढची वर्षंही झाली आणि त्याच रुग्णालयात नोकरीला लागली. तिच्या आईने कँटीनचं काम सोडलं त्या दिवशी काकांना फोन केला आणि दोघंही नुसते नाक ओढत राहिले.

काही वर्षांनी बाईंनी तिला मंडळावर घेतलं. तिच्या पहिल्याच मुलाखतीच्या दिवशी एका लिफ्टमनची मुलगी आली. तिला परिचारिका व्हायचं होतं. तिने झेरॉक्सचा कागद तोंडपाठ केला होता. ती ताठ बसली, हसली, कलली, सावरली, उठली, मला तपासलं, पुन्हा बसली. इतकं सगळं करता करता दहा मिनिटं संपली. "परिचारिका का व्हायचंय?" या प्रश्नाला उत्तर द्यायला तिच्याजवळ श्वासही उरला नव्हता. ती खाली मान घालून बाहेर गेली. बाईंनी तिच्या नावापुढे रेघ मारायला पेन उचललं.

"थांबा," खटपटी म्हणाली. "हा 'खुर्ची' रकाना कसला?"

"काकांची परीक्षा आहे ना ती," बाई म्हणाल्या.

"माझी?" काका उडालेच. "तुमची ना?"

"माझी कशी असेल? मला वाटलं तुमची!"

दाराशी उभे असलेले शिपाईमामा म्हणाले, "मी हातोडी दोनदा आणली होती." पंखाही त्या वेळी नेमका बंद पडला.

मग खटपटी बोलली. "बाई, आमच्या घरी एकच खुर्ची होती आणि ती डुगडुगायची. मी हुशार म्हणून नाही उठले, रोजची सवय म्हणून उठले. दुसऱ्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही, हलायचं नाही, असं घरी शिकवलेली पोरं इथे नुसती घट्ट धरून बसली असतील. ती सगळी आपण घालवली. आणि खुर्चीने मला निवडलं असेल, पण शिकवलं काकांनी. समोर बसून."

काकांनी चष्मा काढून पुसला. बाईंनी पेन खाली ठेवलं. आणि मी, मित्रांनो, पहिल्यांदाच लाजले. घट्ट धरून बसलेले ते हात मला आठवत होते. माझ्या कडांवर त्यांच्या घामाचे डाग आहेत.

मामा धावत जिन्यावरून त्या मुलीला परत घेऊन आले. तोवर खटपटीने आपल्या रुग्णालयातल्या कामाच्या पिशवीतून कुबडीच्या टोकाला बसवतात ती रबरी टोपी काढून माझ्या पायात घातली. कुबडीची टोपी, मला! पण घातल्यावर आयुष्यात पहिल्यांदा माझे चारही पाय जमिनीला टेकले. मुलगी दबकत बसली आणि मी कधी कलते याची वाट बघत राहिली. मी कलले नाही. मग ती बोलायला लागली. आजीचं आजारपण, वॉर्डातली परिचारिका, तिने आजीचे केस कसे विंचरले होते, सगळं. तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि शनिवारी खटपटी तिच्यासमोर बसली. पहिला प्रश्न होता, "काय कळलं नाही?"

मित्रांनो, कुणाला बसायला खुर्ची देणार असाल तर आधी तिचे पाय बघा. आणि खुर्ची देऊन निघून जाऊ नका, थोडा वेळ समोर बसा. माझा दहा गुणांचा रकाना आता नाही. झेरॉक्सवाल्याने माझ्यावरचा कागद रद्दीत घातला. परवा एक मुलगा आला, माझ्यावर बसला, अर्धा तास स्वतःबद्दल बोलला आणि माझ्याकडे एकदाही न बघता उठून गेला. इतका मोठा मान मला आजवर कोणी दिला नव्हता.