बिस्किटमामा

बिस्किटांच्या कारखान्यात क्रीम कालवण्याच्या खात्याचा तो मुकादम होता, आणि महिनाअखेरीला कारखाना प्रत्येकाला एक खोकं भरून पुडे फुकट द्यायचा. फुकट ते पौष्टिक, हा जगाचा नियम. त्याच्या घरात मात्र तो चालत नसे. त्यानेच बायकोला शिकवून ठेवलं होतं: पुडा हातात आला की पुढचं चित्र बघायचं नाही, पाठ बघायची. यादीत जे पहिलं, ते आत सगळ्यांत जास्त. साखर एकदा साखर म्हणून येते, मग सिरप म्हणून, मग आणखी एखादं शहाणं नाव लावून. रंगाच्या पुढे आकडा दिसला, तर पुडा जिथून उचलला तिथे ठेवायचा. शिष्या गुरूपेक्षा भारी निघाली. तिच्या फडताळात शेंगदाणे, खजूर, सुकवलेली अंजिरं. बिस्किट औषधालाही नाही.

मग ते खोकं जायचं कुठे? थोरल्या बहिणीकडे. बायकोची समजूत अशी, की तो ते कारखान्यातच कुणालातरी देऊन टाकतो. ही समजूत मोडण्याची तसदी त्याने घेतली नव्हती.

बहिणीकडचा व्यवहार भलताच किफायतशीर होता. दारात पाऊल पडताच भाचे गळ्यात पडत, मेहुणे खुर्ची सोडून उठत, आणि ताई जिन्यापलीकडच्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, "आला गं आमचा बिस्किटमामा! पोरांवर नुसता जीव टाकतो." पदरचं काही न घालता एवढं व्याज कुठली पेढी देते? कधी आत बोचलंच, तर तो स्वतःला समजावी: सगळं मर्यादेत असतं, तपासून घेतलेलं असतं. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, असलं काही आपल्या मनात नाही. निदान त्याचा तसा समज होता.

एका रविवारी ताई पोरांना घेऊन न सांगता आली. तिची दोन, त्याची दोन, चारही मुलं अंगणात पळाली. स्वयंपाकघरात चहा उकळत होता. ताईने पिशवीतून दोन गुलाबी पुडे काढून टेबलावर ठेवले.

"हे तुझ्या पिल्लांना. आमच्या राक्षसांपासून लपवून ठेवले होते बाई! दर महिन्याला सगळं आम्हालाच देतोस, तुझ्या मुलांच्या तोंडचं काढून. मला काही कळत नाही होय?"

त्याने पुडे उचलायला हात पुढे केला, पण बायकोची जीभ हाताहून चपळ.

"अय्या ताई, कशाला आणलंत? आमच्याकडे हे चालत नाही. यांनीच बंदी घातलीय. म्हणतात, मी काय कालवतो ते मला ठाऊक, माझ्या पोरांच्या पोटात नको." हे तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं. 'दर महिन्याला' हे शब्द तिच्या ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता. हातातली गाळणी तशीच राहिली.

ताई आधी हसली. थट्टा असेल म्हणून भावाकडे बघितलं, आणि हसू विरलं.

"वाच रे जरा," ती पुडा त्याच्यासमोर सरकवत म्हणाली. "माझा चष्मा घरी राहिलाय."

त्याला वाचायची गरज नव्हती, सगळं पाठ होतं. तरी त्याने पुडा उलटा करून वाचलं. मैदा. साखर. तेल. सिरप. मग ते आकडे.

"स्ट्रॉबेरी कुठे आली यात?"

"नाहीये, ताई. वास असतो."

"आणि गुलाबी कशाने होतं?"

"रंग असतो." तो थांबला. "मीच घालतो."

"अहो, मर्यादेत असतं ना पण?" बायको मदतीला धावली.

"हो, मर्यादेत. कुणाला काही होत नाही, ताई."

"मग हाक मार की तुझ्या पोरांना. फोड पुडा. माझ्यादेखत दे दोघांना एकेक."

अंगणात मुलं ओरडत होती. हाक मारायला खिडकीपाशी जायचंही काम नव्हतं. पुडा त्याच्या हातात होता, फोडायची लाल पट्टी अंगठ्याखाली होती. अंगठा हलला नाही.

ताईने पुडा त्याच्या हातातून हळूच काढून घेतला आणि पिशवीत टाकला.

"माझ्या घरी येऊन एवढंच म्हणायचंस, ताई, पोरांना हे देऊ नकोस. मी काय तुला दारातून हाकलणार होते?"

चहा तिने पूर्ण प्यायला. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात त्याने खोकं घेतलंच नाही. स्वतःच्या पैशाने संत्री घेतली, दोनदा हाताळून, निवडून. ताईने दार उघडलं, "ये," म्हणाली, शेजारणीला ऐकू न जाईल अशा आवाजात. पिशवीतलं एक संत्रं तिने उजेडात धरलं, अंगठा ओला करून सालीवर घासला आणि अंगठ्याकडे बघितलं.

"नुसती संत्रीच आहेत, ताई," तो म्हणाला.

"असतील," ती म्हणाली, आणि सगळी संत्री धुवायला नळाखाली घेऊन गेली.